२२ गाड्या धावतात, १४ गाड्यांची सेवा पोहोचते

थांब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं: दर ६ मिनिटांनी बस. माणूस पाच मिनिटं थांबतो, आठ होतात, दहा होतात. मग एक बस येते, दारापर्यंत भरलेली, आणि तिच्या मागोमाग दुसरी, निम्मी रिकामी. प्रवासी म्हणतो, गाड्या कमी आहेत. संस्था म्हणते, रस्त्यावर कोंडी आहे. दोन्ही गोष्टी पुष्कळदा खऱ्या असतात. इथे मांडलेल्या प्रकरणात मात्र एकही गाडी कमी नाही आणि कोंडीही नाही. एका बसला एका थांब्यावर एक मिनिट उशीर झाला, एवढंच. त्या मिनिटाचं पुढे काय झालं, ते कुणाच्या नोंदीत का आलं नाही आणि ते आवरायला काय लागतं, याचा हा हिशेब.

मार्ग हिशेबासाठी बांधलेला आहे. आकडे मध्यम वर्दळीच्या शहरी मार्गाला शोभतील असे धरले आहेत, म्हणजे कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन ते पडताळता येतील आणि त्यांच्या जागी आपल्या मार्गाचे आकडे घालता येतील.

मार्ग

लांबी १५ किलोमीटर, थांबे ३०, म्हणजे साधारण अर्ध्या किलोमीटरला एक. सकाळच्या गर्दीत एका बाजूची फेरी ६० मिनिटांची. दोन्ही टोकांना चालकाला आणि वेळापत्रकाला श्वास घ्यायला ६-६ मिनिटं. जाऊन-येऊन पूर्ण चक्कर १३२ मिनिटांची. दर ६ मिनिटांनी बस सोडायची तर १३२ भागिले ६, म्हणजे २२ गाड्या. तेवढ्या गाड्या आणि तेवढे चालक मार्गावर हजर आहेत.

प्रत्येक थांब्यावर मिनिटाला सरासरी दीड प्रवासी येतो. ६ मिनिटांत ९ प्रवासी जमतात, बस येते, ते चढतात. एका प्रवाशाला चढायला आणि भाडं चुकतं करायला ३ सेकंद. रोख पैसे आणि सुट्ट्यांचा घोळ असेल तर याहून बराच जास्त वेळ जातो, पण आपण बरी परिस्थिती धरू. प्रवासी सरासरी सहा थांब्यांनंतर उतरतो, म्हणजे सगळं सुरळीत असताना बसमध्ये ५४ माणसं असतात. भरलेली, पण चालण्यासारखी.

एक मिनिट कसं वाढतं

चार गाड्या घेऊ: अ, आ, इ, ई. या क्रमाने त्या ६-६ मिनिटांनी सुटल्या. पाचव्या थांब्यावर ‘आ’ला एक मिनिट उशीर झाला. कारण कुठलंही असू शकतं. व्हीलचेअरसाठी रॅम्प काढावा लागला, थांब्याच्या जागेत कुणी मोटार उभी केली होती, सिग्नल नेमका तोंडावर पडला, भाड्यावरून वाद झाला. यातली व्हीलचेअरची मदत ही तर बसने करायलाच हवी अशी गोष्ट आहे. असे धक्के शून्यावर आणता येत नाहीत, आणणं हे ध्येयही नाही.

सहाव्या थांब्यावर ‘आ’ ६ ऐवजी ७ मिनिटांनी पोहोचते. तिथे ९ ऐवजी साडेदहा माणसं आहेत. दीड माणूस जास्त, म्हणजे साडेचार सेकंद जास्त. पुढच्या थांब्यावर उशीर ६४.५ सेकंदांचा, तिथे आणखी थोडी माणसं, आणखी थोडा वेळ. मिनिटाला दीड प्रवासी आणि माणशी ३ सेकंद, म्हणजे उशिराच्या प्रत्येक सेकंदामागे प्रत्येक थांब्यावर ०.०७५ सेकंदाची भर. साडेसात टक्के चक्रवाढ व्याज, आणि हप्ता दर अर्ध्या किलोमीटरला. दहा थांब्यांनंतर ६० सेकंदांचे १२४ होतात, पंधरा थांब्यांनंतर १७७.

हे झालं ‘आ’चं. खरा घोटाळा तिच्या मागच्या ‘इ’मध्ये आहे. ‘इ’ अगदी वेळेवर आहे, पण ‘आ’ उशिरा निघाल्याने ‘इ’ला थांब्यावर माणसं कमी मिळतात. ती लवकर निघते. पुढच्या थांब्यावर आणखी कमी माणसं, आणखी लवकर. दहा थांब्यांनंतर ‘इ’ वेळेच्या ८६ सेकंद पुढे आहे आणि ‘आ’ १२४ सेकंद मागे. दोघींमधली ६ मिनिटं अडीच मिनिटांवर आली. उशिरानंतरच्या पंधराव्या थांब्यावर, म्हणजे मार्गाच्या विसाव्या थांब्यावर, ‘आ’ १७७ सेकंद मागे आणि ‘इ’ १८६ सेकंद पुढे. बेरीज ३६३ सेकंद. ६ मिनिटांचे सेकंद ३६०. गाड्या एकमेकींना टेकल्या.

‘इ’ लवकर गेल्यामुळे तिच्या मागच्या ‘ई’ला जास्त माणसं भेटतात आणि ती दीड मिनिट मागे पडते. म्हणून विसाव्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला ६, ६, ६ मिनिटांऐवजी साधारण ९ मिनिटं, शून्य, आणि साडेदहा मिनिटं अशी अंतरं दिसतात. पहिल्या बसमध्ये सहा थांब्यांची ८० माणसं कोंबलेली. दुसरीत जागाच जागा.

गॉर्डन न्यूवेल आणि रेनफ्रे पॉट्स या दोघांनी १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रस्ता-संशोधन परिषदेत हे गणित मांडलं. त्यांच्या मांडणीचं मर्म एवढंच: समान अंतराने धावणाऱ्या गाड्यांची रांग ही उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी असते. ती स्वतःहून उभी राहत नाही. धरून ठेवणारं कुणी नसेल तर ती पडणार, प्रश्न फक्त किती थांब्यांत. वरच्या हिशेबात तर आणखी सौम्य गृहीतं आहेत. गर्दीमुळे उतरणाऱ्यांना दारापर्यंत यायलाच वेळ लागू लागला, की व्याजाचा दर साडेसात टक्क्यांच्या वर जातो.

प्रवाशाच्या पदरात काय पडतं

सरासरी काढली तर या मार्गावर अजूनही दर ६ मिनिटांनी बस आहे. फेऱ्या रद्द झाल्या नाहीत, गाड्या कमी झाल्या नाहीत. मग नुकसान कुठे आहे?

नुकसान पाहायचं तर गाड्या मोजून भागत नाही, माणसं मोजावी लागतात. साडेदहा मिनिटांच्या अंतरात थांब्यावर येणारी माणसं जास्त असतात, शून्य मिनिटांच्या अंतरात कुणीच येत नाही. त्यामुळे बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला लांब अंतरच येतं. सरासरी वाट काढायची रीत सोपी आहे: प्रत्येक अंतराचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. ६, ६, ६ असेल तर उत्तर ३ मिनिटं. ९, ०, साडेदहा असेल तर जवळजवळ ५ मिनिटं.

नेमक्या अंतराने धावणाऱ्या गाड्यांमध्ये सरासरी ५ मिनिटांची वाट कधी पडते? दर १० मिनिटांनी बस असते तेव्हा. १३२ मिनिटांच्या चकरेला दर १० मिनिटांची सेवा द्यायला १४ गाड्या पुरतात. म्हणजे विसाव्या थांब्यावरच्या माणसाच्या दृष्टीने ताफ्यातल्या २२ पैकी ८ गाड्या नाहीतच. त्यांचं इंधन जळतं, चालकांचे पगार होतात, टायर झिजतात, आणि थांब्यावर त्यांचा काही उपयोग होत नाही.

वाट पाहण्याचं मिनिट बसमध्ये बसलेल्या मिनिटापेक्षा जड जातं. वाहतूक नियोजनात त्याचं वजन साधारण दीड ते दोनपट धरतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कामावर वेळेत पोहोचायचं असलेला माणूस सरासरीवर घर सोडत नाही, सर्वांत वाईट दिवसावर सोडतो. जास्तीत जास्त वाट ६ मिनिटांची असेल तर तो ६ मिनिटं हाताशी ठेवतो. साडेदहा असेल तर रोज साडेदहा मिनिटं आधी निघतो, बस वेळेवर आली त्या दिवशीसुद्धा. ज्याला बस बदलावी लागते त्याच्यासाठी हे दोनदा. ज्याला परवडतं तो महिन्या-दोन महिन्यांत दुचाकी घेतो. उरतात ते ज्यांना पर्याय नाही, आणि त्यांच्या तक्रारीला सहसा आवाज नसतो.

अर्थतज्ज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी १९७२ मध्ये दाखवलं की सार्वजनिक वाहतूक ही प्रवासी वाढल्याने सुधारणारी गोष्ट आहे: प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की सगळ्यांचीच वाट कमी होते. मोटारींच्या रस्त्यावर याच्या उलट होतं, तिथे प्रत्येक नवी मोटार बाकीच्यांना उशीर करते. शहराने बसवर पैसे का खर्च करावेत याचं याहून भक्कम कारण दुसरं नाही. पण हे चक्र फिरतं ते वाढवलेल्या फेऱ्या समान अंतराने आल्या तरच. जोडीने आलेल्या दोन फेऱ्या म्हणजे प्रवाशासाठी एकच फेरी.

मग गाड्या वाढवा?

पहिला सुचणारा उपाय हाच. दर ६ ऐवजी दर ५ मिनिटांनी बस करू. १३२ भागिले ५, म्हणजे २७ गाड्या, पाच जास्त. पण उशिराचं व्याज गाड्यांच्या संख्येवर अवलंबून नाही. ते थांब्यावर येणाऱ्या माणसांच्या वेगावर आणि चढायला लागणाऱ्या वेळेवर ठरतं. ते साडेसात टक्केच राहतं, आणि खायला अंतर मात्र ३६० ऐवजी ३०० सेकंदांचं. त्यामुळे उशिरानंतर पंधराव्या थांब्याऐवजी तेरा-चौदाव्या थांब्यावरच गाड्या जोडीला लागतात. वाट थोडी कमी होते हे खरं, पण पाच गाड्या आणि त्यांच्या दोन-दोन पाळ्यांचे चालक यांच्या खर्चाच्या मानाने फार थोडी. आधी अंतर सांभाळायला शिकावं, मग गाड्या घ्याव्यात. हा क्रम उलटा झालेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, कारण नव्या गाड्यांना हिरवा झेंडा दाखवता येतो.

कुणाच्या नोंदीत का येत नाही

पुष्कळ संस्थांमध्ये बस वेळेच्या एक मिनिट आधीपासून पाच मिनिटं नंतरपर्यंत आली तर ती ‘वेळेवर’ धरतात. अर्ध्या तासाने एक बस असेल तिथे हा निकष अगदी योग्य आहे. ६ मिनिटांच्या मार्गावर काय होतं पाहा. एक बस ५ मिनिटं उशिरा आली. तिच्या मागची १ मिनिट लवकर आली. दोन्ही एकाच क्षणी थांब्यावर, आणि दोन्ही ‘वेळेवर’. महिन्याच्या अहवालात शंभर टक्के वक्तशीरपणा.

उलटही घडतं. सगळ्या गाड्या सारख्याच ७ मिनिटं उशिरा असतील, तर अहवालात शून्य टक्के वक्तशीरपणा आणि थांब्यावरच्या माणसाला काहीही फरक नाही. त्याला दर ६ मिनिटांनी बस मिळतेच आहे.

लंडनने यासाठी वेगळं माप धरलं. तासाला ५ किंवा जास्त फेऱ्या असलेल्या मार्गांवर तिथे वक्तशीरपणा मोजत नाहीत, ‘जादा वाट’ मोजतात: प्रत्यक्षात पडलेली सरासरी वाट वजा वेळापत्रकाप्रमाणे पडायला हवी होती ती वाट. आपल्या मार्गावर विसाव्या थांब्यापाशी ही जादा वाट जवळजवळ २ मिनिटांची आहे. २००१ पासून लंडनमध्ये मार्ग चालवणाऱ्या कंत्राटदारांचा बोनस आणि दंड या मापाला बांधला गेला. नंतरच्या वर्षांत जादा वाट उतरली. फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये मोटारींवर प्रवेशशुल्कही लागू झालं होतं, त्यामुळे सगळं श्रेय कंत्राटाच्या अटीला देता येत नाही. पण जे मोजून पैसे द्याल तेच कंत्राटदार सांभाळेल, हे उघड आहे.

दुरुस्ती टर्मिनसपासून

दुरुस्ती कुठून सुरू करायची यावर आमचं मत पक्कं आहे: टर्मिनसपासून. रस्त्यावर लागणारा धक्का कुणाच्या हातात नसतो. टर्मिनसवरून बस कधी सुटते ते मात्र पूर्णपणे संस्थेच्या हातात असतं, आणि बऱ्याच मार्गांवर गाड्यांमधलं अंतर पहिल्या थांब्याआधीच बिघडलेलं असतं.

बिघडायचं कारण बहुधा एकच. फेरीला ६० मिनिटं ही सरासरी आहे. सरासरी म्हणजे जवळपास निम्म्या गाड्या त्याहून उशिरा पोहोचणार. एखादी फेरी ७० मिनिटांची झाली तर बस १० मिनिटं उशिरा आली, विसावा ६ मिनिटांचा, म्हणजे पुढची फेरी ४ मिनिटं उशिरानेच सुरू. आणि चालकाने लघुशंकेलाही न जाता गाडी वळवली तरच एवढ्यावर निभावतं. म्हणून फेरी आणि विसावा मिळून वेळ ठरवताना सरासरी धरायची नाही, निदान शंभरातल्या ९० फेऱ्या ज्यात बसतील तो आकडा धरायचा. तीन आठवड्यांच्या जीपीएस नोंदी घ्या, प्रत्येक तासाच्या वेगळ्या मांडा, कारण सकाळी ८ आणि सकाळी १० यांची धाव सारखी नसते.

समजा त्यातून दर टोकाला साडेअकरा मिनिटांचा विसावा हवा असं निघालं. चक्कर १४३ मिनिटांची झाली. गाड्या त्याच २२. मग अंतर ६ ऐवजी साडेसहा मिनिटं. कागदावर ही सेवेतली कपात आहे आणि बैठकीत तसंच म्हटलं जातं. प्रत्यक्षात साडेसहाचं अंतर टिकलं तर सरासरी वाट सव्वातीन मिनिटं, आधी ती विसाव्या थांब्यावर पाच होती. ही गोष्ट लोकप्रतिनिधींना पटवणं या सगळ्या कामातला सर्वांत कठीण भाग आहे, आणि त्यासाठी वरचा वर्गांचा हिशेब समोर ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग आम्हाला माहीत नाही.

अंतर न वाढवता विसावा देण्याची एक युक्ती आहे. बस आणि चालक यांना वेगळं करायचं. चालक टर्मिनसवर उतरतो, बस दुसरा चालक लगेच पुढे नेतो, आणि उतरलेला चालक ६ मिनिटांनी येणारी मागची बस घेतो. टोकाला एकच चालक जास्त लागतो, गाडी जास्त लागत नाही, आणि चालकाला पूर्ण ६ मिनिटं खात्रीने मिळतात. चालकांच्या संघटनेशी आधी बोलल्याशिवाय हे करू नये. आपली बस, आपला आरसा, आपली खुर्ची ही सवय मोडावी लागते, आणि गाडीला ओरखडा पडला तर जबाबदारी कोणाची हे आधी लिहून ठेवावं लागतं.

टर्मिनसवर सोडणाऱ्या माणसाला एक अधिकार हवा: वेळापत्रक बाजूला ठेवून अंतर वाटून देण्याचा. एक बस बंद पडली, तिची फेरी गेली. आता सुटण्याची अंतरं ६, १२, ६. त्याने आधीची बस २ मिनिटं उशिरा आणि नंतरची २ मिनिटं लवकर सोडली, की ८, ८, ८. सरासरी वाट साडेचारवरून चारवर येते. पण खरा फायदा असा की दुप्पट गर्दी उचलणारी एकच बस तयार होत नाही, म्हणजे पुढच्या जोडीचं बीच पडत नाही.

दार

व्याजाचा दर कमी करण्याचा सर्वांत थेट उपाय चढण्याच्या वेळेत आहे. सॅन फ्रान्सिस्कोने १ जुलै २०१२ पासून सगळ्या बसमध्ये सगळ्या दारांनी चढायची मुभा दिली. चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणशी थांबण्याचा वेळ सुमारे चार सेकंदांवरून अडीच सेकंदांवर आला. लंडनने जुलै २०१४ पासून बसमध्ये रोख भाडं घेणं बंद केलं. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे बांधले, जिथे भाडं आधीच चुकतं होतं आणि थांब्याचा ओटा व बसची फरशी एका पातळीवर येते.

आपल्या मार्गावर ३ सेकंदांचे २ झाले तर व्याज साडेसातवरून पाच टक्क्यांवर येतं. त्याच एका मिनिटाच्या उशिराने आता गाड्या पंधरा थांब्यांनी नाही, बावीस थांब्यांनी जोडीला लागतात. उशीर पाचव्या थांब्यावर झाला होता, म्हणजे सत्ताविसाव्या थांब्यापर्यंत मार्ग तगला. तीस थांब्यांच्या मार्गावर एवढं पुष्कळ आहे. सगळी दारं उघडायची तर फुकट्यांची भीती पुढे येते. तपासनीस ठेवावे लागतात, त्यांचा पगार द्यावा लागतो. तो खर्च वाया जाणाऱ्या गाड्यांच्या खर्चाशेजारी मांडून पाहावा.

रोखून धरणं

आता रस्त्यावरचं नियंत्रण. दहाव्या थांब्यावर, म्हणजे उशिरानंतर पाच थांब्यांनी, परिस्थिती अशी आहे: ‘अ’च्या पुढचं अंतर ३६० सेकंद, ‘अ’-‘आ’ ४४६, ‘आ’-‘इ’ २४४, ‘इ’-‘ई’ ३९४.

नियम साधा आहे. बसच्या मागचं अंतर वजा पुढचं अंतर, त्याचं निम्मं, तेवढे सेकंद तिला रोखा. उत्तर ऋण आलं तर रोखू नका. ‘इ’साठी ३९४ वजा २४४, निम्मे ७५ सेकंद. आता तिच्या पुढे-मागे ३१९-३१९. ‘अ’साठी ४४६ वजा ३६०, निम्मे ४३ सेकंद. तिच्या पुढे-मागे ४०३-४०३. ‘अ’ वेळेवर होती, तिचा काहीच दोष नव्हता, आणि तरी तिला थांबवायचं. उशिरा आलेल्या बसला घाई करता येत नाही, पण तिच्या पुढच्या बसला थोडं मागे धरलं की उशिरा बसच्या वाट्याची काही माणसं पुढची उचलते. नवख्या कंट्रोलरला हे पचायला वेळ लागतो.

आणि इथेच नियंत्रण कक्षाचा धीर सुटतो. या रोखण्याने त्या क्षणी सरासरी वाट १८८ सेकंदांवरून १८३ वर येते. पाच सेकंद! तेवढ्यासाठी ‘इ’मध्ये बसलेल्या चाळीसेक माणसांना ७५ सेकंद, म्हणजे ५० प्रवासी-मिनिटं थांबवलं. समोरच्या पडद्यावर हा तोट्याचा सौदा दिसतो. पण न रोखता विसाव्या थांब्यावर वाट २९६ सेकंदांवर जाणार आहे. ती सव्वातीन मिनिटांच्या आसपास राखता आली तर एकट्या त्या थांब्यावर, या चार गाड्यांमधल्या साडेएकोणीस मिनिटांत येणाऱ्या २९ माणसांची मिळून सुमारे ५० प्रवासी-मिनिटं वाचतात. ‘इ’ रोखण्याचा खर्च तिथेच वसूल. त्याच्या आधीचे आणि नंतरचे थांबे वरकड.

रोखण्याची जागा नीट निवडावी लागते. तिथे बसमध्ये माणसं कमी असावीत आणि पुढे चढणारे जास्त. मागची बस ओलांडून जाऊ शकेल एवढी जागा हवी. ३० थांब्यांच्या मार्गावर टर्मिनस धरून दोन-तीन जागा पुरतात. प्रत्येक थांब्यावर रोखत बसलं तर गाडी रखडते आणि आतले प्रवासी वैतागतात. एका वेळी दीड मिनिटापेक्षा जास्त रोखू नये. आणि का थांबलोय हे आतल्या लोकांना सांगावं. “पुढच्या बसशी अंतर राखण्यासाठी एक मिनिट थांबत आहोत” एवढी घोषणा पुरते.

जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांनी २०१२ मध्ये याहून सोपी रीत मांडली आणि अटलांटातल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बससेवेवर वापरून पाहिली. वेळापत्रक नाहीच. टर्मिनसवर बस किती थांबणार हे तिच्या मागची बस किती लांब आहे यावरून ठरतं. मागची लांब, तर जास्त थांबा. एवढ्या नियमाने अंतरं आपोआप समान होत जातात, आणि एखादी बस ताफ्यातून काढली तरी नवं समान अंतर आपोआप बसतं. लहान, गोल फिरणाऱ्या मार्गांना ही रीत फार चांगली.

सिग्नल

सिग्नलवर बसला प्राधान्य द्यायचं तर ते अटीवर द्यावं: जिच्या पुढचं अंतर वाढलं आहे तिलाच हिरवा लांबवायचा. सरसकट सगळ्या गाड्यांना दिलं तर आधीच पुढे सरकलेली ‘इ’ आणखी पुढे पळते. फेरीचा वेळ वाचतो, जोडी मात्र तशीच लागते.

अंमलात काय बिघडतं

सर्वांत आधी बिघडते ती नोंद. २२ पैकी दोन गाड्यांचं जीपीएस बंद असेल तर कंट्रोलरला तिथे १२ मिनिटांची पोकळी दिसते, जी रस्त्यावर नाहीच. तो भरल्या अंतरातली बस विनाकारण रोखतो, आणि बिघाड स्वतः तयार करतो. म्हणून रोखण्याची पद्धत सुरू करण्याआधी सगळी यंत्रं चालू आहेत याची रोज पहिल्या फेरीआधी तपासणी हवी, आणि न दिसणारी बस ‘गहाळ’ म्हणून पडद्यावर दाखवली जायला हवी. जागा कळण्याचा वेळही पाहा. बस दर ६० सेकंदांनी आपली जागा कळवत असेल तर ४३ सेकंदांचा आदेश अंदाजपंचे होतो.

दुसरं, चालकाची कोंडी. त्याला रोखायला सांगायचं आणि महिनाअखेरीस वेळापत्रकापेक्षा उशीर झाला म्हणून शेरा मारायचा, असं झालं की तो पुढच्या महिन्यापासून आदेश ऐकत नाही. त्याचं बरोबरच आहे. मोजमाप आणि आदेश एकाच दिवशी बदलायला हवेत. त्याच्यासमोरच्या पडद्यावर घड्याळाची वेळ नको, दोन आकडे हवेत: पुढची बस किती मिनिटं पुढे, मागची किती मिनिटं मागे. पाळीच्या शेवटच्या फेरीत तर आदेश पाळला जाण्याची शक्यता आणखी कमी, कारण रोखलं की घरी उशीर. त्या फेरीचा जादा वेळ पगारात धरलेला असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

तिसरं, जोडी लागल्यावर करायच्या उपायांवरचा अतिविश्वास. मागची बस ओलांडून पुढे काढणं चालतं, पुढची बस ‘फक्त उतरण्यासाठी’ करणंही चालतं, पण मागची डोळ्यांना दिसत असेल तेव्हाच. नाहीतर थांब्यावरची माणसं पाहत असताना बस न थांबता निघून जाते, आणि त्या दिवशी गेलेला विश्वास कुठल्याही आकड्याने परत येत नाही. अर्ध्या वाटेतून बस वळवणं तर अगदी शेवटचा उपाय. आतल्या माणसांना उतरवावं लागतं, आणि त्यात लहान मुलं, वृद्ध, सामान घेतलेले सगळेच असतात.

रात्री ९ नंतर याच मार्गावर दर २० मिनिटांनी बस असते, आणि तिथे हा सगळा नियम उलटतो. अंतर साधारण १० ते १२ मिनिटांच्या आत असेल तोवर प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतो. त्याहून जास्त झालं की वेळ पाहून येतो. ९:२० च्या बससाठी तो ९:१८ ला पोहोचतो. त्याच्यासाठी समान अंतराला अर्थ नाही, ९:२० ला अर्थ आहे. बस ९:१७ ला गेली तर त्याची वाट थेट वीसेक मिनिटांची. म्हणून नियंत्रण कक्षाने ठरलेल्या फेरीपासून पडदा अंतरावरून घड्याळावर आणायचा, रोखण्यासाठी निवडलेल्या प्रत्येक थांब्यावर वेळेआधी सुटायची मनाई करायची, आणि ही बदलाची फेरी कुठली ते चालकाच्या दिवसाच्या कागदावर आधीच छापलेलं असायला हवं.